पहिला ठोका

मी एक जुनी पितळी घंटा आहे, मित्रांनो. शेवगावपासून दोन कोसांवरच्या एका गावातल्या मराठी शाळेत, कपाटाच्या खालच्या खणात, फाटक्या नकाशांच्या आड मी पडून असते. अंगावर हिरवट कळंक चढला आहे. लाकडी मुठीला चीर गेली आहे. आणि माझ्या लोलकाला एक चिंधी घट्ट गुंडाळलेली आहे. ती कुणी गुंडाळली आणि का, हेच मला तुम्हाला सांगायचं आहे. पण घंटेलाही जन्म असतो, तेव्हा तिथूनच सुरुवात करते. घाईची मला सवय नाही. घाई मी आजवर दुसऱ्यांनाच करायला लावली.

शाळा नवी होती तेव्हा तिला घंटा नव्हती. कानिफनाथ गुरुजी जेवायची थाळी पळीनं बडवून शाळा भरवत, आणि गाव हसून म्हणे, गुरुजींना भूक लागली वाटतं. अखेर गुरुजी घरोघर फिरले आणि पितळेची मोड मागू लागले. गावानं हात आखडता घेतला नाही. कुणी चेपलेला तांब्या दिला, कुणी फुटकी समई दिली. चांदभाई पिंजाऱ्याच्या आईनं पानदानाचं झाकण दिलं आणि पानदान उघडं पडलं म्हणून वर्षभर सुनेला बोल लावले.

सगळ्यात शेवटी झुंबरबाई आली. तिच्या हातात बैलांच्या गळ्यातली घुंगरमाळ होती. तिचा भाऊ दर दिवाळीला पाथर्डीकडून गाडी घेऊन तिला माहेरी न्यायला यायचा. गाडी ओढ्यापलीकडं असतानाच घुंगरं ऐकू यायची आणि झुंबरबाई जात्यावरून उठून दारात यायची. मग मोठा दुष्काळ पडला. भावानं बैल विकले, माळ तेवढी बहिणीकडं ठेवली आणि तो बेलापूरकडं उसाच्या कामाला गेला, तो तिकडचाच झाला. माळ गुरुजींच्या हातात देताना ती म्हणाली, “बैल न्हाईत, तर माळ काय मी गळ्यात घालू? घ्या. पोरांला तरी ऐकू यील.”

नगरच्या ओताऱ्यानं हे सगळं एका मुशीत वितळवलं. समई आणि पानदान एका जागी कशी नांदतील, असा प्रश्न कुणालाच पडला नाही. साच्यातून निघाल्यावर ओताऱ्यानं मला हलवून पाहिलं, तर शेजारच्या दुकानातला माणूस वही सोडून बघायला आला. थोडा तोरा माझ्या अंगात आहे तो तेव्हापासूनचा.

शाळेत मला मोठा मान होता. पोरं चिंचेनं घासून मला लखलखीत करत. शाळा माझ्यामुळं भरायची, माझ्यामुळं सुटायची. पण माझं खरं काम मधल्या वेळात होतं. वाचनाचं पुस्तक वर्गाला एकच होतं आणि वाचायला सगळेच हपापलेले. म्हणून गुरुजींनी पाळी लावली होती. एकानं उभं राहून वाचायचं. माझा एक ठोका पडला की असेल तिथं थांबायचं, पुस्तक मिटायचं, बसायचं आणि हाताची घडी घालायची. शब्द अर्धा असला तरी थांबायचं. राहिलेलं उद्या. गुरुजींच्या मनात न्यायच होता. ज्याच्या घरी दोन जोंधळे जास्त, त्याच्या पोरानं दोन ओळी जास्त वाचाव्या, असं त्यांच्या वर्गात कधी झालं नाही.

चांदभाईची मुलगी शरिफा त्याच वर्गात शिकली. अंगानं काडी, पण वाचायला लागली की भिंतीसुद्धा ऐकत. एकदा पाठात एक वाट चुकलेलं कोकरू होतं. ते आईला सापडतंय की नाही, अशा जागी माझा ठोका पडला. शरिफा थांबली नाही. तिनं ते वाक्य पुरं करायला घेतलं. गुरुजींनी तिच्या हातातून पुस्तक काढून घेतलं आणि शांतपणे सांगितलं, “शरिफा, घंटा म्हणजे घंटा. राहिलेलं उद्या.” दुसऱ्या दिवशी तिची पाळी सगळ्यांच्या मागं लावली, आणि ती यायच्या आत शाळा सुटली. रात्रभर आणि वर दिवसभर ते कोकरू तिच्या डोक्यात ओरडत राहिलं असेल.

त्यानंतर ती कधी चुकली नाही. माझा नाद व्हायचा आणि ती खाली बसलेली असायची. मध्ये काही घडतच नसे. डिपोटी साहेब तपासणीला आले तेव्हा गुरुजींनी मुद्दाम तिलाच वाचायला लावलं आणि मला वाजवलं. शरिफा ‘पाऊ’ म्हणून बसली, ‘स’ तिच्या तोंडातच राहिला. साहेब खूश झाले आणि शेऱ्यात शाळेची शिस्त वाखाणली. गुरुजींनी त्या दिवशी मला स्वतःच्या उपरण्यानं पुसलं. मीही फुगले. आज ते आठवलं की नको वाटतं.

शरिफा पुढं सातवीची फायनल परीक्षा पास झाली, शिकवण्याचं शिक्षण घेऊन आली आणि त्याच शाळेत मुलींच्या वर्गावर लागली. गावानं थोडं नाक मुरडलं, पण चांदभाई कापूस पिंजायची धनुकली खांद्यावर टाकून सगळ्यांना ऐकवत फिरला की, माझी पोरगी मास्तरीण झाली, ज्याला पोटात दुखतंय त्यानं ओवा खावा.

लहानपणी ती बापाबरोबर गावोगाव जायची. बाप अंगणात गादीचा कापूस पिंजायचा आणि ही आत जात्यापाशी बसून बायकांच्या ओव्या ऐकायची. तिची आई बद्रुन्निसाही शेजारणींबरोबर दळताना त्याच ओव्या म्हणायची. त्या नादानं शरिफा ओव्या उतरवू लागली. झुंबरबाई तिची खाण होती. रविवारी शाळेच्या ओट्यावर दोघी बसत, आणि मी खिडकीत असल्यामुळं सगळं ऐकत असे. एक ओवी तर मलाही पाठ झाली:

दळण दळीते, पीठ पडं भुरूभुरू
बंधवाच्या बैलांचं वाजतं घुंगरू

एका रविवारी शरिफाच्या ध्यानात एक गोष्ट आली. दुष्काळात झुंबरबाई पाथर्डीच्या रस्त्यावर खडी फोडायला गेली होती. तिथंही बायका हीच ओवी म्हणत. पीठ पडं याच्या जागी खडी पडं म्हणत, आणि जात्याची लांब चाल हातोड्याच्या ठोक्यावर बसवत. पण झुंबरबाई खडीची ओवी म्हणून दाखवताना पहिल्या ओळीवरच थांबली आणि पुन्हा पहिलीच ओळ म्हणू लागली. शरिफानं विचारलं, आत्या, दुसरी ओळ कुठं गेली?

झुंबरबाई म्हणाली, “खडीवर दुसरी वळ कोनच म्हनत न्हवतं. बैल समद्यांचेच गेल्ते, गं. घुंगरू कुठलं वाजवायचं? माझं तर तुमच्या शाळंत वाजतंय.”

शरिफानं ते तसंच वहीत उतरवलं. मग ती दुसऱ्या गावांत गेली, खडी फोडलेल्या म्हाताऱ्यांना शोधून काढलं, आणि जिथं जाईल तिथं तिला तेच दिसलं. ओवी तीच, पण भावाची, बैलांची, माहेरची ओळ गळालेली. दुष्काळानं माणसाच्या तोंडचं काय काय काढून घेतलं, ते या न म्हटलेल्या ओळींत दिसतं, असं तिचं म्हणणं होतं. गुरुजींना तिनं ते सांगितलं तेव्हा ते खुर्चीवरून उठून उभे राहिले. म्हणाले, हे आजवर कुणी बोललेलं नाही.

तेवढ्यात नगरला एक वाङ्मय परिषद भरायची ठरली. लढाईचे दिवस होते, रॉकेलची चणचण होती, तरी विद्वानांचा उत्साह कमी नव्हता. निबंध वाचले जाणार होते. पुण्याच्या एका संस्थेचे पाहुणे येणार होते, आणि निबंध वाचणाऱ्यांतून एकाला बायकांच्या तोंडची गाणी गोळा करण्यासाठी दोन वर्षांची शिष्यवृत्ती देणार होते. शरिफाला ती हवी होती, आणि हवी म्हणजे अगदी जिवापाड हवी होती. झुंबरबाई खोकू लागली होती. तिच्यासारख्या आणखी पुष्कळ जणी शेवगाव-पाथर्डीच्या माळावर खोकत होत्या. रविवार-रविवारनं त्यांच्या ओव्या पुऱ्या झाल्या नसत्या. ही दोन वर्षं मिळाली तरच काही हाती लागणार होतं.

गुरुजी परिषदेच्या मंडळात होते आणि वेळ सांभाळायचं काम साहजिकच त्यांच्याकडं आलं. शरिफानंच त्यांना सांगितलं, की आपलीच घंटा घेऊन चला. तिचा निबंध माझ्यावर संपणार होता, मित्रांनो. वर्गात ती तो वाचून बघायची तेव्हा शेवटी माझ्याकडं हात करायची आणि म्हणायची, खडी फोडणाऱ्या बायकांनी जी ओळ म्हटली नाही, तिच्यातलं घुंगरू ओतून ही घंटा झाली आहे, आणि आज ती या टेबलावर आहे. माझ्याविषयी कुणी दोन वाक्यं लिहील, असं मला जन्मात वाटलं नव्हतं. मी ती पाठ केली होती.

निघताना चांदभाई मोटारीपर्यंत आला. गुरुजींना म्हणाला, “गुरुजी, पोरगी तुमच्या हवाली हाय. तिला काय म्हनायचंय ते समदं म्हनू द्या. मंग ते देवोत न देवोत.” गुरुजींनी मान डोलावली. मोटार कोळशाच्या गॅसवर चालणारी होती. करंजीचा घाट काही तिला चढवेना, तेव्हा उतारूंनी खाली उतरून ढकलली. शरिफाही ढकलायला उतरली आणि हसत होती. तिला इतकं हसताना मी नंतर पाहिलं नाही.

परिषदेचा नियम सकाळीच जाहीर झाला. प्रत्येकाला दहा मिनिटं. पहिला ठोका पडला की दोन मिनिटं उरली असं समजावं, दुसरा पडला की थांबावं. गुरुजींनी तो नियम शरिफाला बाजूला बोलावून पुन्हा एकदा सांगितला. तिनं हो म्हटलं. हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे.

तिच्या आधी दोघांचे निबंध झाले. त्या दोघांनीही माझ्या पहिल्या ठोक्याला जुमानलं नाही, आणि दुसऱ्यालाही नाही. एका गृहस्थांनी तर माझ्याकडं हसून बघितलं आणि पुढचं पान उलटलं. असा अपमान मला नवा होता.

मग शरिफा उभी राहिली. पदर डोक्यावरून घेतलेला. तिनं जात्यावरची ओवी म्हणून दाखवली आणि सभागृह एकदम जागं झालं. मागून कुणीतरी “वन्स मोअर” म्हणालं. अध्यक्षांनीही हसून मान हलवली. तिनं पुन्हा म्हटली. पुन्हा मागणी आली, तिनं तिसऱ्यांदा म्हटली. लोकांना बंधवाचं घुंगरू फार गोड लागलं. पण वेळ गोडीसाठी थांबत नाही. गुरुजी एकदा तिच्याकडं बघत, एकदा घड्याळाकडं. ती आता खडीवर येत होती.

ती म्हणाली, “पण हीच ओवी पाथर्डीच्या रस्त्यावर, दुष्काळी कामावर, बायका म्हणत तेव्हा तिच्यातली”

आणि गुरुजींनी मला एकदा हलवलं.

शरिफा खाली बसली. कागद मिटले. हाताची घडी घातली.

सभागृहाला वाटलं, निबंध संपला. टाळ्या पडल्या, भरपूर पडल्या. गुरुजींनी तिच्याकडं पाहिलं, ती घडी घातलेले हात पाहिले, आणि त्यांचा चेहरा उतरला. ते खुर्चीतून अर्धे उठले. पण अध्यक्षांनी पुढचं नाव पुकारलं होतं, पुढचे गृहस्थ चष्मा पुसत उभे राहिले होते, आणि जन्मभर नियम पाळलेल्या माणसाला नियम मोडायचं बळ ऐन वेळी कुठून येणार? ते पुन्हा बसले.

चहाच्या वेळी गुरुजी पुण्याच्या पाहुण्यांकडं गेले. पाहुणे सज्जन होते. बाईंचा गळा फार गोड आहे, असं त्यांनी मनापासून सांगितलं. पण गोड ओव्या पुष्कळजण आणतात, त्यांत नवीन काय सापडलं ते सांगावं लागतं, असंही म्हणाले. गुरुजींनी घाईघाईनं खडीची ओवी, गळालेली ओळ, सगळं सांगायला घेतलं. पाहुण्यांनी ऐकलं आणि विचारलं, “मग त्या हे बोलल्या का नाहीत? त्यांची वेळ तर उरली होती.”

संध्याकाळी शिष्यवृत्ती दुसऱ्या एका गृहस्थांना जाहीर झाली. माणूस चांगला होता, पण बायकांच्या जात्यापाशी त्याला कुणी बसू दिलं असतं का, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. आणि पुढं लढाई संपली, मग देशात इतकं काही घडलं की त्या संस्थेनं पुन्हा अशी शिष्यवृत्ती काढलीच नाही.

परतताना घाटाच्या माथ्यावर मोटार थांबली. ड्रायव्हर भट्टीतला कोळसा हलवत होता. गुरुजी आणि शरिफा दगडावर बसले होते, आणि मी पिशवीत दोघांच्या मध्ये. गुरुजी म्हणाले, “अगं, पहिला ठोका होता तो. दोन मिनिटं होती तुला. मी सांगितलं होतं.”

शरिफा म्हणाली, “मला ठाऊक हुतं, गुरुजी. पायांला न्हवतं.”

तीच पुढं म्हणाली, रागानं नाही, एखाद्या मुलीनं घडलेलं सांगावं तशी, “आपल्या शाळंत पहिला आन् दुसरा कधी हुता? एकच हुता.”

तेव्हा गुरुजींनी उपरणं तोंडाला लावलं. ड्रायव्हरनं भोंगा वाजवून बोलावलं तरी ते उठेनात. शरिफानंच त्यांना हाताला धरून मोटारीत बसवलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर गुरुजी पोरांच्या बस्करावर जाऊन बसले. शरिफाला समोर उभं केलं, मला टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, “राहिलेलं वाच.” तिनं वाचलं. गळालेली ओळ, विकलेले बैल, रस्त्यावरच्या बायका, आणि शेवटी माझ्याकडं हात करून ती दोन वाक्यं. ऐकणारे दोघंच होतो, एक म्हातारा आणि एक घंटा. वाचून झाल्यावर गुरुजी उठले. त्यांनी उपरण्याचा काठ फाडला, माझ्या लोलकाला गुंडाळला आणि वर सुतळी आवळली. त्या दिवसापासून त्यांच्या वर्गात पाळी संपली की ते नुसता हात वर करत, आणि पोर वाक्य संपवून बसे. शाळा भरवायला बाहेर रुळाचा तुकडा टांगला. डिपोटी साहेबांना ते आवडलं नाही, पण गुरुजींनी मनावर घेतलं नाही.

त्याच आठवड्यात झुंबरबाई काठी टेकत शाळेच्या ओट्यावर आली. तिला शिष्यवृत्तीतलं काही कळत नव्हतं. तिला एवढंच ठाऊक होतं की आपली माळ नगरला मोठ्या सभेत गेली होती. तिनं विचारलं, “शरिफे, माझी घुंगरं वाजली का गं तितं?”

शरिफानं झुंबरबाईचा हात हातात घेतला आणि म्हणाली, “वाजली, आत्या. समद्यांनी ऐकली.”

म्हातारीच्या तोंडावर जो आनंद पसरला, तो बघून मला कपाटात तोंड लपवावंसं वाटलं. तिचा भाऊ ओढ्यापलीकडं आला असता तरी ती इतकी खुलली नसती. पुढच्या वर्षी ती गेली. शरिफाच्या हाती तिच्या रविवारच्या तेवढ्या ओव्या राहिल्या. बाकीच्या किती होत्या, हे आता कुणी सांगू शकणार नाही.

आता गुरुजीही नाहीत. शरिफाबाई शाळेत आहेत, केस पांढरे व्हायला लागले आहेत. मित्रांनो, मला चिंचेनं घासा असं मी म्हणणार नाही. माझा कळंक राहू द्या. पण तुमच्यासमोर कुणी बोलत असेल, आणि तुमच्या हातात थांबवायचा अधिकार असेल, तर त्याचं वाक्य पुरं होऊ द्या. आणि कुणी मधेच खाली बसलं, तर संपलं असं धरून टाळ्या वाजवू नका. एकदा विचारा, काही राहिलं का.

नकाशा काढायला शरिफाबाई कधीतरी हे कपाट उघडतात. मला उचलतात आणि चिंधी सैल तर झाली नाही ना, म्हणून एकदा हलवून बघतात. माझ्या पोटात लोलक हळूच आपटतो, उशीवर मूठ पडावी एवढाच आवाज होतो. पलीकडच्या वर्गात एखादी मुलगी मोठ्यानं वाचत असते. ती वाचतच राहते.